ते नववं कलम माझं होतं

काजा भाई,

तुला मातीत ठेवलं त्याला आज अकरा दिवस झाले. आमच्यात अकराव्या दिवशी करायचं बरंच काही असतं. तुझ्यासाठी मी काय करायचं हे मात्र कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. सकाळपासून दोनदा चप्पल घालून निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. शेवटी कागद पुढे ओढला. पापनाशमला सहकारी सोसायट्यांच्या कचेरीत हेडक्लार्की केलेला माणूस मी. काही सुचेना की कागद ओढायचा, ही खोड आता या वयात कशी जाणार.

हे मराठीत लिहितोय. तुला यातलं अक्षर लागणार नाही. तंजावरातल्या आमच्या लोकांतही देवनागरी वाचणारे आता थोडेच उरलेत; माझी नातवंडं मराठीत विचारलेल्याला तामिळमध्ये उत्तर देतात. तरी मराठीतच लिहितो, कारण आपण जे काही भांडलो ते सगळं तामिळमध्ये भांडलो, आणि त्या भाषेत तुझ्याशी बोलायला लागलं की मला जिंकायची खुमखुमी येते. आणखी एक. तामिळमध्ये आपण जन्मभर एकमेकांना अहो-जाहोच केलं. इथे मी तुला अरे-तुरे करतोय, चालवून घे.

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. चार वर्षं ती माझ्या छातीवर बसून होती. तू भर मशिदीत, माइकवर, एकदा खोटं बोललास आणि ते माझ्यामुळे. हजेरीपटावर कधी खोटी खूण न केलेला मास्तर तू. त्या दिवसानंतर मी तुझ्या घरी कितीदा तरी जेवलो, तुझ्याबरोबर किती चहा प्यायलो, पण माफ कर म्हणून काही तोंडातून निघालं नाही.

पण आधी थोडं मागचं. तुझ्याशी बोलायचं तर मागून सुरुवात केल्याशिवाय चालायचं नाही, इतिहासाचा मास्तर ना तू.

पापनाशमच्या बसथांब्यासमोरचं ते चहाचं दुकान. तुझी शाळा चारला सुटायची, माझी कचेरी साडेपाचला, आणि तुझ्या गावाकडे जाणारी बस सव्वासहाला. तू मुलांच्या वह्या तपासत बसलेला असायचास. मी आलो की वह्या मिटायच्या आणि आपण जगाचा कारभार पाहायला घ्यायचो. तुझं दुखणं एकच होतं, आणि ते जुनं होतं. जगभरचे मुसलमान एक का होत नाहीत? तुझे आजोबा खिलाफतीच्या चळवळीत खादी घालून कावेरीकाठच्या गावोगाव फिरले होते. आणि मग एक दिवस बातमी आली की खुद्द तुर्कांनीच खलिफाला घरी पाठवलं. आजोबा कालव्याच्या कट्ट्यावर बसून रडले, हे तू मला पहिल्या वर्षातच सांगितलंस. "ज्याच्यासाठी आम्ही इथं उपास केले त्याला त्याच्याच माणसांनी काढलं, रायर," तू म्हणालास. इथल्या मराठी लोकांना सगळेच रायर म्हणतात, पण तू म्हणायचास तेव्हा त्यात थोडी चेष्टा असायची.

तुला खलिफा परत नको होता. सिंहासनावरच्या माणसांबद्दल तुझं मत माझ्याहूनही वाईट होतं. तुला हवं होतं ते एवढंच की मुसलमान देशांनी मिळून एक मंडळ करावं, आपसातले तंटे त्याच्यापुढे न्यावेत, आणि प्रत्येक देशात राज्य सल्ल्याने चालावं. शूरा हा तुझा लाडका शब्द. ज्यांच्यावर कारभार करायचा त्यांना विचारून करायचा, म्हणजे शूरा. पहिल्या चार खलिफांच्या गोष्टी तू अशा सांगायचास की जणू ते तुझ्या शाळेत आधीच्या तुकडीला शिकवत होते.

मी कमी खवचट नव्हतो. "एकच चंद्र बघून तुम्ही दोन दिवस ईद करता भाई, मंडळ कसलं काढताय," असं मी म्हणायचो. तू शांतपणे विचारलंस, "तंजावरात मराठी बोलणाऱ्यांचे संघ किती?" दोन, म्हटलं. "का फुटलात?" सांगायची लाज वाटत होती, तरी सांगितलं की गणपतीपुढे भाषण आधी कोणी करायचं यावरून. तू दुकानदाराला हाक मारून माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितलास. "यांना गरज आहे," म्हणालास.

एक वाद मात्र आपला खरा होता आणि तो संपला नाही. मी म्हणायचो, राज्यकारभारात देव नकोच. तू म्हणायचास, "तुमच्या कचेरीत देव नव्हता. मग तिथं काय न्याय झाला? माणूस कायदा पाळतो तो पकडलं जाईल म्हणून. वर उत्तर द्यायचंय म्हणून पाळला तर शिपाई लागत नाही." मी विचारलं, "पण वरचा काय म्हणतो हे ठरवणार कोण? माणूसच ना?" तू लगेच म्हणालास, "म्हणून तर शूरा. एकट्याला ठरवू द्यायचं नाही." त्यावर मी माझी बस आली असं सांगून उठलो. बस यायला अजून दहा मिनिटं होती.

मग इराकने कुवेत गिळलं. तुझा जावई तिथे होता. तुमच्या गावातली निम्म्याहून जास्त पुरुषमाणसं आखातात नाहीतर सिंगापूरला. घराघरात रेडिओ लावून बायका बसलेल्या. कित्येक आठवडे त्याचा पत्ता नव्हता. आणि अशा वेळी मी, शहाणा, चहाचा पेला हातात घेऊन तुला विचारलं, "मग भाई, तुमचं मंडळ आता कुठं बसवायचं? बगदादला की कुवेतला?" तू अर्धा चहा तसाच ठेवून उठलास. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जायला घाबरत होतो. तू आलास, समोर बसलास आणि म्हणालास, "तुमचा प्रश्न बरोबर होता. वेळ चुकली." जावई वाळवंटातून जॉर्डनला पोचला, तिथून विमानाने मुंबईला आणि मग रेल्वेने घरी आला. त्याला ट्रकमधून पाणी पाजणारा एक इराकीच होता, हे तू मला मुद्दाम सांगितलंस. तुला त्यातून काय सिद्ध करायचं होतं ते मी विचारलं नाही.

पण त्या दिवसांत तुझं काहीतरी बदललं. रिटायर झाल्यावर तू जमातीचा सेक्रेटरी व्हायला तयार झालास. मला म्हणालास, "वरून नाही होणार हे. खालून करायचं. एक मशीद, एक गाव. इथं नीट विचारून कारभार चालवून दाखवायचा. इथं जमलं नाही तर जगाच्या गप्पा मारायचा मला हक्क नाही." तुमच्याकडे जमात म्हणजे लहानसं राज्यच. लग्नाची नोंद, तलाक, वाटण्या, कबरस्तान, सगळं तिच्याकडे. आणि चालवणार कोण, तर मशिदीच्या ओसरीवर बसलेले चौघे. त्यातले हाजियार सगळ्यांत वडील. ते बोलले की झालं. तुला लेखी नियम हवे होते.

तेवढ्यात तो डिसेंबर आला. अयोध्येची बातमी. तिसऱ्या दिवशी बस सुरू झाल्या आणि मी निघालो. आमच्या घरात कुजबूज झाली. हिने मात्र डबा भरून हातात दिला. "जातां तर रिकाम्या हातीं जाऊं नका. डांगर पचडी केलीय. आणि तिथें जाऊन वाद घालूं नका," म्हणाली. बसमध्ये बसून मी तुला काय म्हणायचं ते जुळवत होतो. पोचलो तेव्हा एकही वाक्य उरलं नव्हतं. तू डबा उघडलास, ती दह्यातली पचडी भाताबरोबर खाल्लीस आणि म्हणालास, "आज मीठ कमी पडलंय." मी म्हटलं, सांगतो घरी. त्या विषयावर आपण बोललो ते एवढंच. नंतरही कधी नाही. मला बोलायला हवं होतं भाई. माझ्या नावाने कोणी काय केलं याची मला किती लाज वाटली ते तुला कळलं असेल असं धरून मी चाललो, आणि धरून चालणं ही फार सोयीची गोष्ट असते.

दोन महिन्यांनी तू माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवलास. जमातीचे नियम. "मसुदा करा," म्हणालास.

"आत्ता? आणि मी? मशिदीचे नियम हिंदूने लिहायचे?"

"नियम अल्लाचे. मसुदा सहकार खात्याचा," तू म्हणालास.

त्या दिवसांत तुझ्या गावातली तरुण पोरं माझ्याकडे कशी बघायची ते मला दिसत होतं. तुलाही दिसत होतं. तरी तू काम मलाच दिलंस.

मी ते मनापासून केलं. आयुष्यभर सोसायट्यांच्या पोटनियमांत घालवलेलं. सभा कशी बोलवायची, हजर किती हवेत, इतिवृत्त कोणी लिहायचं, हे सगळं माझ्या हातात बसलेलं. सहाव्या की सातव्या कलमावर आपण अडलो. तू लिहिलं होतंस, प्रत्येक घराला एक मत, ते घरच्या कर्त्याने द्यायचं. मी म्हटलं, "निम्मे कर्ते परदेशात आहेत. शूरा एसटीडी बूथवरून घेणार?" तू म्हणालास, त्याचा भाऊ बोलेल, सासरा बोलेल. मी म्हटलं, "घर कोण चालवतं? भाताची लावणी कोण बघतं? भावाला त्या घरात मीठ कुठं ठेवतात ते तरी ठाऊक आहे का?" मग मी तुझंच काढलं. "तुम्हीच सांगितलं होतं, दुसऱ्या खलिफाला एका बाईने भर मशिदीत अडवलं आणि तो म्हणाला, बाई बरोबर, मी चुकलो. ती बाई मशिदीत काय करत होती? तिचा नवरा दुबईला गेला होता?"

तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. मग चष्मा पुसलास आणि म्हणालास, "हळू, रायर. हळू."

ते हळू मला झोंबलं. तंजावरला घरी बसून मी पक्की प्रत लिहिली. आणि लिहिताना, सभेच्या कामकाजाच्या नियमांच्या मध्ये, नवव्या क्रमांकाला, सोसायटीच्या पोटनियमातून एक कलम उचलून घातलं. कुटुंबाचा कर्ता परगावी असल्यास त्याच्या अनुपस्थितीत घर चालवणारी प्रौढ व्यक्ती मत देईल. सोसायट्यांत हे सगळीकडे असतं, कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. सवयीने आलं असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. वाद मला जिंकायचा होता आणि तू समोर नव्हतास.

जुम्म्याच्या नमाजानंतर तू नियम वाचून दाखवलेस. मी मशिदीसमोरच्या चहाच्या दुकानात बसून भोंग्यावर ऐकत होतो. पहिली चार कलमं तू शाळेत शिकवल्यासारखी वाचलीस, थांबून, समजावून. नववं तू एका दमात संपवलंस. मला वाटलं, बघ, काय वाचतोय याच्याकडे याचं लक्षच नाही. सगळ्यांनी होकार दिला. झेरॉक्स काढून घरोघर वाटले गेले. मी परतीच्या बसमध्ये स्वतःवर खूश होतो, हेही तुला सांगून टाकतो.

पुढच्याच सभेत विषय आला तो मुलींचा. आठवीनंतर मुलींनी बसने पापनाशमच्या शाळेत जाऊ नये असा ठराव हाजियार आणणार होते. तुला तो नको होता, पण तू सेक्रेटरी, तुझ्या एकट्याच्या मताने काय होणार. मी त्या दिवशीही दुकानात होतो. नमाज संपला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बायका आल्या. तुमच्या गावच्या रीतीप्रमाणे अंगभर पांढरी दुपट्टी लपेटलेल्या, दहा-बाराजणी. पुढे जैनंबू, जिचा नवरा चौदा वर्षं सिंगापूरला आहे. तिच्या हातात झेरॉक्स. तिला वाचता येत नव्हतं. नववीतल्या मुलीने ते कलम घरी वाचून दाखवलं होतं, म्हणजे जिची बस बंद करायची होती तिनेच.

त्या पायरीवर उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. माइक चालूच राहिला होता, त्यामुळे पुढचं सगळं गावाने ऐकलं. जैनंबू म्हणाली, "घर मी चालवते. माझं मत आहे, मुलगी जाईल." मग दुसरी बोलली. मग तिसरी. कोणी मोठ्याने बोललं नाही. सगळ्यांचं झाल्यावर हाजियारांचा आवाज आला, रागाने कापणारा. "हे कलम कोणी घातलं? तंजावरहून कागद घेऊन कोण येतो ते आम्हाला ठाऊक आहे. डिसेंबरात यांच्या लोकांनी काय केलं आणि आज आमच्या मशिदीत कोणी बोलायचं हेही हेच ठरवणार?"

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. त्यांचं खरं होतं. मी दुसऱ्याच्या घरात शिरून सामान हलवलं होतं, तेही अशा वेळी. तू नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. चूक रायरची, कलम काढा, एवढं बोलला असतास तर तुझं सेक्रेटरीपण राहिलं असतं, आणि ते खरंही ठरलं असतं.

तू म्हणालास, "अक्षर त्यांचं आहे. कलम माझं आहे."

ठराव त्या दिवशी झाला नाही. इतक्या बायकांनी सर्वांदेखत बोलून दाखवल्यावर तो मांडायला कोणी उठेना, आणि नंतरही कोणी उठलं नाही. मुली अजून त्या बसने जातात. पण पुढच्या महिन्यात कलम खोडलं गेलं आणि तुलाही काढलं. त्या दिवशी मशिदीतून बाहेर आल्यावर तू माझ्याशेजारी बसलास, चहा घेतलास आणि म्हणालास, "तुमची बस येईल आता." मी बसमध्ये चढलो. त्यानंतर तू मला कधी एक कागदही लिहायला दिला नाहीस, आणि मी त्याचा अर्थ माझ्यापुरता लावून घेतला.

कबुलीची दुसरी संधी मला मागच्या वर्षी मिळाली होती. काबूलमध्ये नवे लोक आल्याची बातमी संध्याकाळी रेडिओवर लागली. बायकांना कामावरून घरी बसवलं, मुलींच्या शाळांना कुलपं लावली. दुकानातली पोरं म्हणाली, निदान कुठेतरी आपलं खरं राज्य आलं. तू उठून उभा राहिलास. वर्गात उभा राहायचास तसा. "कोणाला विचारून आलं? ज्यांना घरी बसवलं त्यांना विचारलं? विचारलं नसेल तर त्याला राज्य म्हणा, हुकूम म्हणा, माझ्या धर्माचं नाव त्याला देऊ नका." एक पोरगा म्हणाला, "सार, तुमचं कलम जमातीने खोडलं, ते विसरलात?" तू बसलास. त्या क्षणी मी उठून म्हणायला हवं होतं की ते कलम यांचं नव्हतं, माझं होतं. मी चहात साखर घालून घेतली. आधीच घातलेली होती.

तुझ्या मातीला मी आलो होतो. कबरस्तानात चिखल होता, कालव्याचं पाणी बांध ओलांडून आलं होतं. मला तीन मुठी माती घालायची होती आणि पाय सरकत होता. कोणीतरी मागून कोपर धरलं. हाजियार होते. मी परत कडेला येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही. बसपर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले.

तुला सांगता येणार नाही हे आता पक्कं झालं, म्हणून काल मी तुझ्या घरी गेलो. रहमत अम्मांना तरी सांगावं. नवरा गेल्यावरच्या इद्दतीत आहेत त्या. चार महिने दहा दिवस परक्या पुरुषापुढे यायच्या नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवलो आणि काल मी बाहेर ओसरीवर खुर्चीत, त्या आत, मध्ये अर्धवट लोटलेलं दार. तुझी मुलगी उंबऱ्याशी बसली.

मी कचेरीतल्या अर्जासारखं बोललो. "अम्मा, एक कबुली द्यायचीय. ते नववं कलम मी घातलं होतं. भाईंना न सांगता. माझ्यामुळे ते मशिदीत खोटं बोलले आणि माझ्यामुळेच त्यांचं पद गेलं. त्यांची माफी मागायची राहिली. तुमची मागतो."

आतून रहमत अम्मांनी विचारलं, "रायर, कॉफी घेतलीत का?"

घेतली म्हटलं.

"जुम्म्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी सगळे कागद मला वाचून दाखवले होते. नववं दोनदा वाचलं. म्हणाले, हे रायरांनी घुसवलंय. त्यांना वाटतंय मला दिसणार नाही. बत्तीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेत मी, म्हणाले."

मी विचारलं, "मग खोडलं का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, माझ्या हाताने लिहायचा मला धीर झाला नसता. आलंय, तर राहू दे. मशिदीत ते मुद्दाम भरभर वाचलं. सावकाश वाचलं असतं तर तिथंच अडवलं असतं सगळ्यांनी."

"म्हणजे ते खोटं बोलले नाहीत?"

"वाचून, समजून ठेवलं, म्हणजे त्यांचंच झालं की," अम्मा म्हणाल्या. "खोटं कसलं?"

भाई, चार वर्षं मी तुझ्यावर दया करत होतो. तुझ्या भोळेपणाची कीव, माझ्या हुशारीचा तोरा. आणि तू रोज माझ्यासमोर बसून, मिशीत हसत, चहा पीत होतास. मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर वाद तुम्ही जिंकलात असं म्हणाला असतात. तेवढं त्यांना सोसलं नसतं."

मी हसलो. दहा दिवसांत पहिल्यांदा. तुझी मुलगीही हसली. मग माझं हसणं थांबेना आणि ते हसणं राहिलं नाही, तेव्हा तिने पाणी आणून दिलं. जरा सावरल्यावर मी विचारलं की त्यानंतर मला एकही कागद का दिला नाही. अम्मांना हा प्रश्नच कळला नाही. "सेक्रेटरीपण गेल्यावर कागद कुठले, रायर?"

तुझे आभार मानायला शब्द शोधतोय ते सापडत नाहीत. तू मला त्या दिवशी वाचवलंस हे मला कळलं होतं. तू माझ्या चोरून लिहिलेल्या ओळीवर आपलं नाव ठेवायला आधीपासून तयार होतास, हे कळलं नव्हतं. तुझ्या त्या मोठ्या मंडळावर माझा अजून विश्वास नाही. पण त्याची घटना तुझ्यासारख्याने तपासली असती तर मी नक्की मत दिलं असतं, परगावचा असूनही.

उठायला निघालो तेव्हा अम्मा म्हणाल्या, "रायर, जरा बसा. इद्दत संपली की मला जमातीकडे अर्ज द्यायचाय. आता हे घर मी चालवणार. ते नववं कलम नियमांत परत घाला म्हणून. लिहून द्याल?"

मी म्हटलं, "अम्मा, माझं अक्षर बघितलं की हाजियार पुन्हा..."

"अक्षर कोणाचंही असू दे. सही माझी. जैनंबूची पण. ती आता सही करायला शिकलीय."

मुलीने वही-पेन आणून दिलं. अम्मा आतून एकेक वाक्य सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. त्यांची वाक्यं साधी होती, स्वयंपाकघरातली, कचेरीत कोणी लिहीत नाही तशी. तिसऱ्या वाक्याला माझा हात थांबला. तिथे एक शब्द बदलला असता तर अर्ज जास्त भक्कम झाला असता; मला दिसत होता तो शब्द. मी पेन उचललं आणि दाराकडे बघून विचारलं, "अम्मा, इथं एक शब्द बदलू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "सांगितलंय तसंच लिहा."

मी तसंच लिहिलं.